माळकऱ्याच्या विहिरीतली मरळ

आमच्या घरात माशाला नाव द्यायची पद्धत नव्हती. मासा म्हणजे कालवण, आणि कालवण उरलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी तांदळाच्या भाकरीबरोबर त्याचा फडशा. पनवेलच्या बंदराकडे जाणाऱ्या वाटेवर, खाडीच्या अंगाला आमचं घर होतं. बाबा मिठागरावर कामाला. भरतीचं पाणी आत घ्यायला बांधात जी उघाडी असते, तिच्या तोंडाशी त्यांनी जाळं लावलं की कोलंबी, चिखलातले निवटे, बारकी मासळी आपसूक घरी यायची. आई चुलीपुढूनच ओरडायची, "शेवंते, पाटा धू गो!" आणि पाट्यावर मिरची-लसूण रगडल्याचा आवाज कानावर आला की मला भूक लागायची. आजही लागते, फरक इतकाच की आता मिक्सर लावावा लागतो आणि डॉक्टर तिखट खाऊ देत नाही. अशा घरात माझ्या थोरल्या बहिणीने एक मरळ पाळली आणि तिचं नाव ठमी ठेवलं. बाबांनी कपाळावर हात मारला. आई म्हणाली, "मोठी झाली की सांग, चूल पेटवतंय."

बहिणीचं नाव हिरा, पण मी तिला बाय म्हणायची. पावसाळ्यात भाताच्या खाचरात मरळीची लाल लाल पिल्लं घोळक्याने वर तरंगत असतात आणि त्यांच्या खाली मोठी जोडी राखणीला असते. बायने त्या घोळक्यातलं एक पिल्लू ओंजळीत उचललं आणि डब्यातून घरी आणलं. परसात एक दगडी डोण होती. बैल होता तेव्हा त्याच्या पाण्यासाठी ठेवलेली. बैल गेला, डोण रिकामी पडली. तिच्यात ठमी वाढली. लाल रंग गेला, पाठ काळीशार झाली, डोकं सापासारखं चपटं. मरळ वर येऊन तोंडाने हवा घेते, तेव्हा 'गुटुक' असा आवाज होतो. दुपारी घरात सामसूम असली की परसातून तो आवाज येई आणि बाय म्हणे, "ठमीबाय पानी पिली." पाण्यात राहणारा प्राणी पाणी पिऊन असा आवाज का करील, हे मी तिला पुष्कळदा विचारलं. ती नुसती हसायची. डोणीवर झाप टाकून ठेवावी लागे, कारण ठमी उडी मारायची. ती तर बायची खरी मजा होती. जिवंत कोलंबी शेपटीला धरून पाण्यावर टांगायची, आणि ठमी तळातून अशी सुटून वर यायची की दोघींच्या तोंडावर पाणी. बाय मोठ्याने हसायची. पोरींनी एवढं हसू नये असं आई म्हणायची, आणि स्वतः दाराआडून बघत हसायची.

बायला कोन गावचं स्थळ आलं तेव्हा सगळ्यांत आधी आई बिचकली. मुलगा चांगला, शेती घरची, पण घर माळकऱ्याचं. सासऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ, सासूच्या गळ्यात, मुलाच्या गळ्यात. लग्न होऊन आलेल्या सुनेच्याही गळ्यात पडायची. माळ पडली की मासळी सुटली, जन्माची सुटली. आमच्या लोकांत हे म्हणजे पोरीला खाडीपल्याड देण्यापेक्षा लांब देणं. बाय तर निवट्यांच्या कालवणासाठी जीव टाकणारी. पण माळकऱ्याच्या घरात आणखी एक गोष्ट नसते, ती म्हणजे दारू. आमच्या घरात ती होती. बाबा वाईट माणूस नव्हते, हे मी आज या वयातही म्हणते. पण पगाराच्या दिवशी ते घरी कसे येतील याकडे आमचे तिघींचे कान लागलेले असायचे, आणि आईच्या दंडावरचे वळ ती पदराखाली झाकायची. शेजारणीने आईला टोचून विचारलं, "पोरीला भाजी-भाकरीवर घालवतंस का?" तेव्हा आईने तिच्याकडे न बघता उत्तर दिलं, "मार खान्यापरीस भाजी खाल्लेली बरी." तेवढ्यावर लग्न ठरलं. बायला कुणी विचारलं नाही. त्या दिवशी ती डोणीपाशी बराच वेळ बसून राहिली एवढंच मला आठवतं.

सासरे बोलणी करायला आले. आवाज मऊ, बोलता बोलता बोटांनी माळेचे मणी चाचपायची सवय. ते ओटीवर बसून बाबांना सांगत होते, "आमची नवी विहीर हाय. पानी गोड लागलंय, पन त्याच्यान किडं झायलंत." बाबा म्हणाले, "मरल सोडा की." विहिरीत मरळ सोडली की ती किडे खाते, पाणी निवळ राहतं, ही आमच्याकडची जुनी रीत. दाराआड बायने माझा दंड असा चिमटला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "जा. सांग त्यांना. आपली ठमी हाय म्हन." मी पुढे झाले आणि एका दमात बोलले, "मामा, आमच्या बायकडं मरल हाय. ती बायसंगं तुमच्याकडं येल."

ओटीवरचे सगळे हसले. ते मात्र हसले नाहीत. उठून परसात आले, डोणीत वाकून बघत राहिले. नेमकी त्याच वेळी ठमीने सकाळपासून तळाशी दडून बसलेली एक कोलंबी गट्ट केली. त्यांनी डोळे मिटले, माळेला हात लावला. मग म्हणाले, "मासा झॅक हाय, पोरी. न्यायला माजी ना नाय. पन मालकऱ्याची विहीर हाय. ती आपल्या तोंडान काय धरल तो तिचा धरम. आपून आपल्या हातान घालाचं त भात, नायतर भाकर. भात खाल का ती?"

बाय डोक्यावरून पदर घेऊन दारात आली. नवऱ्या मुलीने सासऱ्यासमोर आपण होऊन बोलायचं नसतं. ती बोलली, "खाल."

बोलून बसली खरी. नवी विहीर पाथरवटाने अशी घट्ट बांधली होती की बेडकाला बसायला कपार नव्हती, हे सासऱ्यांनीच कौतुकाने सांगितलं होतं. एवढ्या मोठ्या मरळीचं पोट किड्यांवर भरणार नाही हे आम्हांला ठाऊक होतं. म्हणजे ठमी भात खायला शिकली तर ती बायबरोबर जाणार. नाही शिकली तर ती इथेच राहणार आणि बाय त्या परक्या घरात एकटी जाणार. बायचा जीव त्या एका गोष्टीवर टांगलेला होता, आणि बायचा म्हणून माझाही.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही ठमीची कोलंबी तोडली. भाताचे घट्ट गोळे करून टाकले. ते तळाला गेले, तिथेच फुगले, आणि पाणी आंबट झालं. ठमीने त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. आम्ही पाणी उपसलं, डोण घासली, पुन्हा गोळे टाकले. एकदा तिने एक गोळा तोंडात घेतला, आम्ही श्वास रोखून बघतोय तोवर थू करून बाहेर टाकला. हो, थू करूनच, माणूस टाकतं तसा. आणि त्याच दिवशी जेवताना बायने ताटातलं कालवण माझ्याकडे सरकवलं. आईने विचारलं काय झालं. बाय म्हणाली, "ठमी भात खाल तवर मी पन मासली खानार नाय."

आईचा तिळपापड झाला. "अजून तू माज्या घरची हायेस! मना माज्या हातान चार दिस घालूं दे त! मासा शिकवतंस का सोताच शिकतंस?"

"दोघी शिकतंव," बाय म्हणाली. "ती शिकली त मी पन शिकेन, आये."

हे तिने आपल्या मनाशी कधी बांधलं कुणास ठाऊक. पण त्यानंतर ठमीचं खाणं हे नुसतं ठमीचं खाणं राहिलं नाही. आईसुद्धा भांडी घासता घासता डोणीकडे मान करून बघायची आणि मला हळूच विचारायची, "खाल्लं का गो तिनं?"

मरळ हलत्या वस्तूवर झडप घालते, पडलेल्यावर नाही. हे आम्हांला शहाणपणाने सुचलं नाही. एकदा बायच्या हातातली मेलेली कोलंबी पाण्यात पडता पडता तिच्या बांगडीत अडकून लोंबकळली, आणि ठमीने ती बांगडीसकट ओढली. बायच्या मनगटावर ओरखडा आला, पण ती आनंदाने किंचाळली. मग आम्ही नारळाच्या झावळीची हीर घेतली, तिच्या टोकाला मेलेली कोलंबी टोचली आणि पाण्यात नाचवली. ठमीने घेतली. तशी घ्यायला लागली तेव्हा कोलंबी ठेचून तिच्यात थोडा भात मळला. मग भात जास्त, कोलंबी कमी. मग कोलंबीऐवजी नुसती जवळ्याची भुकटी, वासापुरती. प्रत्येक वेळी काही कमी केलं की ठमी रुसून तळाला बसायची, आणि प्रत्येक वेळी बाय डोणीच्या कडेवर हात आपटून बांगड्या वाजवायची, "ये गो बाय, ये," म्हणायची, आणि थांबायची. माझ्यात तेवढा धीर नव्हता. मी म्हणायची, घालूया एक कोलंबी, कोण बघतंय. बाय म्हणायची, "तिथं मना कोन घालनार हाय?"

आता आमच्या सोसायटीत एका मुलाने काचेच्या टाकीत असलाच, तीक्ष्ण दातांचा एक परदेशी मासा ठेवला आहे. तो त्याला दुकानातल्या गोळ्या खायला शिकवतो आहे आणि मासा ऐकत नाही. मुलगा हे मोबाइलवर बघून करतो. मी त्याला म्हटलं, काडीला टोचून हलव, आणि हळूहळू कमी कर. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की आजींना हे कुठून ठाऊक. मी सांगितलं नाही. घरी येऊन गॅलरीत बसले आणि उगाच रडू आलं.

ठमीची शिकवणी चालू असतानाच बायची केळवणं सुरू झाली. लग्नाच्या मुलीला नातेवाईक घरी बोलावतात, तिच्या आवडीचं करून घालतात. जासईच्या मामाने बोलावलं. मामीने चिंबोऱ्यांचं कालवण केलं होतं, भरलेल्या, गाभोळीच्या चिंबोऱ्या. मामाने त्यांच्यासाठी सकाळपासून चिखलात हात घालून हाताची चाळण करून घेतली होती. बाय पाटावर बसली, सगळ्यांना नमस्कार केला, आणि वरणभात कालवून खाऊ लागली. मामाने स्वतः चिंबोरीचा आकडा, म्हणजे नांगी, फोडून तिच्या ताटात ठेवला. तिने तो उचलून माझ्या ताटात ठेवला. मामा उठून बाहेर गेला आणि दाराशी पाय धूत बसला, धुतलेलेच पाय पुन्हा पुन्हा धूत. बायलाही ते दिसत होतं. तरी तिने ताट संपवलं. परतताना मी तिला विचारलं, "एक आकडा खाल्ला असता त काय झायलं असतं?" ती म्हणाली, "मंग सगल्याच खाल्ल्या असत्या."

ठमीने नुसता भात खाल्ला ती दुपार माझ्या डोळ्यांसमोर आहे. दोरीवर धुणं वाळत होतं, आई तांदूळ पाखडत होती. बायने हीर बाजूला ठेवली होती. जवळ्याची भुकटी नाही, काही नाही. मीठ घातलेला मऊ भात, बोटांनी दाबून केलेला लांबट घास. तिने बांगड्या वाजवल्या. ठमी वर आली. बायने घास सोडला आणि ठमीने तो वरच्या वर घेतला, तोंड मिटलं, आणि थुंकला नाही. बायने दुसरा सोडला, तिसरा सोडला. मी टाळ्या पिटत घरभर नाचले. आईने सूप खाली ठेवलं. बाय हात धुऊन आत आली, पाटावर बसली आणि म्हणाली, "आये, वाढ. नुसता भात वाढ." आईने वाढला. वाढताना तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती पदराने ते पुसतही नव्हती. मला तेव्हा कळलं नाही की आपण जिंकलो असताना ही का रडते.

लग्न झालं. हळदीला मटण नाही म्हणून आमच्या भाऊबंदांनी चांगलीच नाकं मुरडली. दारूही नाही, म्हणून धवलारीण बिचारी कोरड्या घशाने लग्नाचे धवले गात राहिली. तिच्या आवाजात बायने हिरवा चुडा भरला. नवरीबरोबर पाठराखीण जाते. मी गेले, पण नवरीपेक्षा मी हंडाच राखत गेले. तांब्याच्या हंड्यात ठमी, वर ओलं फडकं, आणि बैलगाडीच्या प्रत्येक धक्क्याला आत 'धप्' असा आवाज. वाटेत लोक विचारायचे, हंड्यात काय? बायचा नवरा, माझे भावोजी, लाजत सांगायचे, "आमची मालकरीन मरल." कोनला पोचल्यावर सासऱ्यांनी स्वतः हंडा उतरवून घेतला. ठमीला विहिरीत सोडली तेव्हा सगळं घर काठावर जमलं होतं. ती खाली गेली ती दिसेनाशी झाली. बायने नवा चुडा दगडावर वाजवला, एकदा, दोनदा. काळ्या पाण्यातून ते चपटं डोकं वर आलं. बायने सगळ्यांदेखत भात टाकला आणि ठमीने खाल्ला. सासऱ्यांनी हात जोडले. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. त्या माणसाचा मला कधी राग करता आला नाही, आणि राग करता आला असता तर बरं झालं असतं असं कित्येक वर्षं वाटत राहिलं.

पुढे मी कोनला चार दिवस राहायला गेले, तेव्हा बायच्या गळ्यात माळ होती. विहिरीवर आम्ही दोघीच होतो. मी विचारलं, "बरं हाय का गो?" ती म्हणाली, "बरं हाय. हितं कोन मोठ्यानं बोलत पन नाय." मग इकडेतिकडे बघून, आवाज खाली आणून तिने विचारलं, "काल आयेनं काय केलंतान?" मी सांगितलं, निवटे. "कसे केले?" मी म्हटलं, नेहमीचे. "तसं नको. पयल्यापासून सांग." मग मी पहिल्यापासून सांगितलं: राख लावून निवटे कसे धुतले, पाट्यावर काय वाटलं, कोकम किती टाकली, रस्सा उकळला तेव्हा घरभर कसा वास सुटला. ती डोळे मिटून ऐकत होती आणि मधेच आवंढा गिळत होती. "मंग?" म्हणायची. "मंग भाकर कुस्करलीस का?" मी सगळं जेवण तिला तोंडाने वाढलं. असं मी प्रत्येक भेटीत करायची. आणि मग एका भेटीत मी आपण होऊन सुरुवात केली तर तिने हात वर केला. "नको सांगूं, शेवंते. मलमलतं." मला वाटलं तिला दिवस गेलेत म्हणून असेल. दिवस गेलेलेच होते.

पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली. आईला आकाश ठेंगणं झालं. माहेरी काय खातेस ते कोण विचारतंय, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं आणि निवट्यांचं कालवण केलं. आमच्या घरात त्या दिवशी सगळ्यांना आनंद होता. बाबासुद्धा शुद्धीवर होते. आईने ताट आणून बायच्या पुढ्यात ठेवलं आणि समोर बसली, ती कशी खाते ते बघायला. बायने आईचा चेहरा बघितला. माळ हाताने मागे सारली आणि एक घास घेतला. घास तोंडात गेला मात्र, ती उठून परसाकडे धावली. त्या रिकाम्या डोणीपाशी बसून तिला ओकाऱ्या झाल्या. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. बाय रडत म्हणाली, "आये, मी खानार व्हते गो. मना आता नाय जमं." आईने नव्या मडक्यात, वेगळ्या चुलीवर तिच्यासाठी मऊ भात केला. ताटातलं कालवण तसंच पडून होतं. त्या दिवशी ते कुणीच खाल्लं नाही.

बाळंतपण नीट झालं नाही. मूल राहिलं नाही. बायला ताप चढला तो उतरेना. जवळ मिशनचा दवाखाना नाही, सरकारी नाही, होता तो एक डॉक्टर घरी येऊन सुई देऊन गेला आणि बाबांना बाजूला घेऊन काही बोलला. बाबा खाटेच्या पायाशी येऊन बसले आणि त्या रात्री उठले नाहीत. तापाच्या भरात बाय काहीबाही बोलायची, आणि एका सकाळी अगदी स्पष्ट म्हणाली, "आये, निवट्यांचं कालवण दे ना गो." आई जागेवरच थिजली. शुद्धीत असलेल्या पोरीला जे पोटात ठरलं नाही, ते ती आता मागत होती. आणि गळ्यात माळ. माळ गळ्यात असताना मासळी घालणं हे आमच्या लोकांत लहान पाप नाही, आणि मरणाच्या दारात असलेल्या माणसाच्या माथी तर ते कोण मारील? आई माळेला हात लावायची आणि मागे घ्यायची. बाय मागतच होती, लहान मुलासारखी.

कोनहून सासरे आणि भावोजी आले. आईने पदर तोंडावर घेऊन सासऱ्यांना सांगितलं. ते बायच्या उशाशी बसले, तिचं डोकं हलक्या हाताने उचललं आणि तिच्या गळ्यातली माळ काढली. "ही मी घातलेली," ते म्हणाले. "मीच कारतंय. दे तिला, इनबाय. काय मागल ते दे." आणि आपण उठून बाहेर गेले नाहीत; मासळीचा वास घरात सुटला तरी तिथेच, भिंतीला टेकून बसून राहिले.

बाबा खाडीकाठच्या खाजणात धावले. आईने निवटे केले; पाटा मी धुतला. आईने भात अगदी मऊ कुस्करला, रश्श्यात भिजवला, फुंकर घातली आणि बोटाच्या टोकाने बायच्या तोंडात घातला. बायने तोंड मिटलं. आम्ही सगळे बघत होतो, पूर्वी डोणीपाशी बघायचो तसे. तिच्या ओठांची थोडी हालचाल झाली. मग जिभेने तो घास हळूच बाहेर आला आणि हनुवटीवर ओघळला. "हे नाय," ती म्हणाली. "आयेच्या हातचं दे." आई म्हणाली, "मीच हाय गो, माज्याच हातचं हाय." बायने आणखी एकदा तोंड उघडलं, आणखी एकदा तो घास बाहेर आला. त्यानंतर तिने काही मागितलं नाही. दुपार कलताना ती गेली.

आई रडली नाही. बायका येऊन गळ्यात पडायच्या, आई त्यांनाच पाणी द्यायची. दिवसकार्य उरकलं आणि एका सकाळी ती मला म्हणाली, "चल, कोनला जावाचं." तिच्या हातात फडकं बांधलेली घागर होती, आणि घागरीत काहीतरी टपटप वाजत होतं. आम्ही पोचलो तेव्हा बायचे सासरे विहिरीवरच होते. आईने त्यांना नमस्कार केला नाही. ती सरळ काठावर गेली, फडकं सोडलं आणि घागर पालथी केली. जिवंत कोलंब्या माळकऱ्याच्या विहिरीत पडल्या.

"माजी पोर उपाशी गेली," आई म्हणाली. "ही तरी खाऊं दे."

पाण्याचा आवाज झाला म्हणून असेल, ठमी वर आली. बायच्या हातचं खाऊन जाडजूड झाली होती. कोलंब्या तिच्या तोंडासमोरून जात होत्या, एक तर डोक्याला घासून गेली. ठमी हलली नाही. तोंड पाण्याबाहेर काढून, काठाकडे बघत थांबली. पुढे मी शाळेत शिकवत असताना मासे जाणणाऱ्या एका गृहस्थांना हे सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, असं होत नाही, मरळ शिकार विसरत नाही, तिचं पोट भरलेलं असेल. असेल. ती विहीर आता मोठ्या रस्त्याच्या भरावाखाली गेली, विचारायला कुणी उरलं नाही. मी पाहिलं ते सांगते.

"खा!" आई ओरडली. तिचा आवाज विहिरीत घुमला. "खा गो! जित्ती हायेत, खा!"

सासरे घरात गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या ओंजळीत भात होता. ते आईच्या समोर येऊन उभे राहिले आणि ओंजळ पुढे केली. आईने त्या भाताकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. मग तिने मूठ भरून घेतली. काठावरून हात खाली करताना तिच्या बांगड्या दगडाला लागून वाजल्या, आणि ठमी ताबडतोब तिच्या हाताखाली आली. आईने थोडा भात सोडला. ठमीने तो वरच्या वर घेतला, तोंड मिटलं आणि पुन्हा उघडलं.

आई काठावर बसली. बाय गेल्यापासून ती पहिल्यांदा रडली, विहिरीत वाकून, आवाज न आवरता.

"शेवंते," ती म्हणाली, "इला पन चव राह्यली नाय गो."

मग तिने मुठीत उरलेला भात सोडला, आणि ठमीने तोही खाल्ला.